टेबलावरचा रुंद पडदा आणि पलीकडचे मूल

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, लसीकरण अशा विषयांवर अधिकारी मंडळींचे लेख असतात आणि ते असायलाच हवेत. त्या पंक्तीत एका बालरोगतज्ज्ञाने संगणकाच्या पडद्याच्या रुंदीवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या तपासणीच्या टेबलावर सर्वांत जास्त जागा व्यापणारी वस्तू आज हीच आहे, आणि ती निवडताना आपण जितका कमी विचार करतो तितका कमी विचार साध्या खोकल्याचे औषध लिहितानाही करत नाही. विक्रेता म्हणतो, "मॅडम, आता सगळे हाच घेतात," आणि आपण मान डोलावतो. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने हेच वाक्य उच्चारले असते, तर आपण त्याला चार प्रश्न तरी विचारले असते.

माझे मत आरंभीच सांगून टाकते. अतिरुंद पडदा, ज्याला बाजारात 'अल्ट्रावाइड' म्हणतात, ही वस्तू चांगली आहे. ज्याला दिवसाचे चार-सहा तास कागदपत्रांचे काम करायचे आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. पण तिची जागा कार्यालयात किंवा घरच्या लेखनाच्या टेबलावर आहे. रुग्ण तपासण्याच्या टेबलावर ती नको, आणि लहान मुले तपासणाऱ्याच्या टेबलावर तर मुळीच नको. हे मत कशाच्या आधारावर बनले ते सांगण्यापूर्वी, ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहू.

आपल्या पिढीने संगणक पाहिला तो पेटीसारख्या जाडजूड मॉनिटरसह. त्याच्या पडद्याचे प्रमाण ४:३ असे, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. पुढे दूरदर्शन संचांच्या मागोमाग मॉनिटरही १६:९ झाले. २०१२ च्या सुमारास २१:९ प्रमाणाचे मॉनिटर दुकानांत आले, आणि २०१७ पासून ३२:९ या प्रमाणाचे, म्हणजे दोन नेहमीचे पडदे शेजारी शेजारी चिकटवावेत असे, ४९ इंची मॉनिटरही मिळू लागले. चित्रपटगृहातील रुंद पडद्याच्या जवळ जाणारे हे प्रमाण असल्याने, मुळात ते मनोरंजनासाठी आले आणि कार्यालयांत मागाहून शिरले.

यातला पहिला चकवा इंचांचा आहे. मॉनिटरचा आकार कर्णावर मोजतात, त्यामुळे ३४ इंच म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते ते प्रत्यक्षात नसते. २१:९ प्रमाणाच्या ३४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ८० सेंटिमीटर आणि उंची अवघी ३३ सेंटिमीटर भरते. साध्या २७ इंची मॉनिटरची उंचीही जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे ३४ इंचांचे पैसे मोजून आपण २७ इंची पडदाच घेतो, फक्त तो दोन्ही बाजूंनी वीतभर ताणलेला. त्याचा लहान भाऊ २९ इंची. त्याची रुंदी ६८ सेंटिमीटर, पण उंची २९ सेंटिमीटरांहूनही कमी, म्हणजे साध्या २४ इंचीपेक्षाही बुटका. उंचीला कमी आणि रुंदीला जास्त म्हटले की बालरोगतज्ज्ञाला जे सुचते ते इथे लिहीत नाही.

आता कार्यालयीन उपयोग. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. ३४ इंची अतिरुंद पडद्यावर अशी तीन पाने जवळजवळ मूळ आकारात शेजारी शेजारी मावतात आणि बाजूला थोडी जागा उरते. हा लाभ लहान नाही. कॅशलेस विम्याची फाईल करताना एका बाजूला केसपेपर, मध्ये प्रयोगशाळेचे अहवाल आणि उजवीकडे विमा कंपनीचा अर्ज उघडता येतो. हिशेब पाहताना वर्षाचे बाराही महिन्यांचे रकाने एकाच नजरेत येतात आणि पडदा डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावे लागत नाही.

आपल्या बडोद्यात तर याचा आणखी एक उपयोग आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे येणाऱ्या आयांपैकी कोणी गुजराती वाचते, कोणी मराठी, कोणी फक्त हिंदी. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस कसे द्यावे, ताप आला असता पॅरासिटामॉल किती आणि किती तासांनी, याच्या सूचनापत्रकाच्या तीन प्रती लागतात. या तीन भाषांची पाने शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहिली, तर एकीत पाच मि.ली. आणि दुसरीत अडीच मि.ली. राहून गेले असेल ते लगेच नजरेस येते. एका पानावरून दुसऱ्या पानावर उड्या मारत तपासले, तर ते सुटू शकते. असे काम करणाऱ्याला रुंद पडद्याचा खर्च महाग वाटू नये.

मोठ्या पडद्याने काम वाढते याला आधार म्हणून एक अभ्यास पुष्कळदा सांगितला जातो. तो अमेरिकेतील युटा विद्यापीठात २००८ साली झाला. लेखन आणि कोष्टके यांचे काम १८ इंची पडद्यापेक्षा २४ इंची पडद्यावर लवकर उरकते असे त्यात दिसले. पण हा अभ्यास मॉनिटर बनवणाऱ्या एनईसी या कंपनीने पुरस्कृत केला होता. औषध कंपनीच्या पैशावर झालेल्या चाचणीकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने याकडेही पाहावे. गंमत अशी, की याच अभ्यासात २६ इंची पडद्यावर कामाचा वेग उलट घसरला होता. तेवढा भाग विक्रेते सांगत नाहीत. आजचे पडदे त्या वेळच्या पडद्यांपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: मात्रा वाढवली की गुण वाढतोच असे नाही, आणि हे डॉक्टरांना निराळे सांगावे लागू नये.

इथपर्यंत कार्यालयाची गोष्ट झाली. आता तपासणीच्या खोलीत येऊ. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

थोडे मोजमाप करू. आपल्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते. मॉनिटर स्टँडवर ठेवला की त्याची खालची कड टेबलापासून दहा-बारा सेंटिमीटर वर राहते. त्यावर पडद्याचे ३३ सेंटिमीटर मिळवा. पडद्याची वरची कड जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटरांवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार चार वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे १०३ सेंटिमीटर असते, आणि सहा वर्षांच्या मुलाची सुमारे ११६. म्हणजे सहा वर्षांपर्यंतचे मूल टेबलासमोर उभे राहिले, की ते पडद्याआड पूर्णपणे नाहीसे होते. आईच्या मांडीवरचे तान्हे बाळ तर दिसायचा प्रश्नच नाही. आई खुर्चीवर बसली असता तिच्या केसांचा भांग तेवढा जेमतेम दिसतो. पडदा २४ इंची असेल तर त्याची रुंदी ५३ सेंटिमीटर. डॉक्टर जरा बाजूला झुकले की पलीकडचे दिसते. तो ८० सेंटिमीटर रुंद असेल तर झुकूनही भागत नाही, उठावे लागते. दिवसाला साठ मुले पाहणारा डॉक्टर साठ वेळा उठेल, असे मला वाटत नाही.

आणि मूल दिसणे हीच तर आपली निम्मी तपासणी आहे. बालरोगतज्ज्ञाची तपासणी मुलाला टेबलावर झोपवल्यावर सुरू होत नाही. दार उघडून मूल आत येते तेव्हाच ती सुरू होते. ते चालत येते की आईच्या खांद्यावर मान टाकून येते, खेळण्याकडे पाहते की शून्यात पाहते, नावाने हाक मारली तर वळते का, हवे ते आईला बोट करून दाखवते का, हे सारे आपण आईशी बोलत असताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपत असतो. श्वासाचा वेग हे याचे ठळक उदाहरण. न्यूमोनिया ओळखण्यासाठी दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक, ही मर्यादा आपण विद्यार्थ्यांना घोकून घ्यायला लावतो. हे श्वास मूल शांत असताना आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. मूल शांत असते ते आईच्या मांडीवर, आपण अजून हात लावलेला नसतो तेव्हा. नेमक्या त्याच मिनिटात आपली नजर ८० सेंटिमीटर रुंद उजेडावर खिळलेली असेल, तर ते मिनिट हातचे गेले. पुढे स्टेथोस्कोप लावला की मूल रडू लागते, आणि रडणाऱ्या मुलाच्या श्वासांच्या मोजणीला फारसा अर्थ उरत नाही.

मुलांना हे कळत नाही असे कोणी समजू नये. २०१२ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात डॉ. एलिझाबेथ टोल यांनी एक छोटा लेख लिहिला होता. सात वर्षांच्या एका मुलीने डॉक्टरांच्या भेटीचे रंगीत खडूंनी काढलेले चित्र त्यासोबत छापले होते. चित्रात ती स्वतः तपासणीच्या टेबलावर बसली आहे, जवळ बहीण आहे, आई धाकट्या बाळाला घेऊन बसली आहे. आणि डॉक्टर? ते या सर्वांकडे पाठ करून संगणकासमोर बसले आहेत. मुलीने ते तक्रार म्हणून काढले नव्हते. आपल्याला दिसले ते तिने काढले. आपल्या दवाखान्यात येणारी मुलेही चित्रे काढतात. त्यांच्या चित्रात आपण कसे असू, हा प्रश्न मला त्या लेखानंतर पुष्कळदा पडला आहे.

अमेरिकेत हे घडले त्याचे कारण तिथले धोरण होते. २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना सरकारने पैसे देऊ केले आणि काही वर्षांत सर्वांच्या खोलीत संगणक आला. परिणाम काय झाला? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार शाखांतील ५७ डॉक्टरांच्या कामाचे घड्याळ लावून निरीक्षण केले गेले. रुग्णासमोर घालवलेल्या दर तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरचे काम यांत जात होते. त्या चार शाखांत बालरोग नव्हता, म्हणून आपण सुटलो असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला, आणि आता आभा क्रमांकाचे चौदा आकडे सांगणारे पालक माझ्याही दवाखान्यात येतात. नोंदी संगणकावर ठेवण्यास माझा विरोध नाही. मुलाची दहा वर्षांची वाढ, त्याच्या लसी, त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे एका क्षणात समोर येणे, ही मोठी सोय आहे. म्हणूनच, संगणक येणारच असेल तर तो टेबलावर कसा आणि कुठे बसवायचा, हे विक्रेत्याने नव्हे, आपण ठरवले पाहिजे.

आमचे तरुण सहकारी यावर एक युक्तिवाद करतात, तो विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, रुंद पडद्यावर सारे एकदम दिसते, शोधाशोध कमी होते, वेळ वाचतो. आणि वाचलेला वेळ रुग्णालाच तर मिळतो. यातील पहिला भाग मला अर्धाच पटतो. तपासणी चालू असताना एका वेळी एकच गोष्ट लागते: मागची नोंद, किंवा वाढीचा तक्ता, किंवा औषधाची मात्रा. तिन्ही एकदम लागत नाहीत. शोधाशोध होते ती पडदा अरुंद असल्यामुळे नव्हे, तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने गरज नसलेले वीस रकाने भरायला लावल्यामुळे. रुंद पडद्यावर ते वीस रकाने अधिक ऐसपैस दिसतील, इतकेच. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मी साशंक आहे. वाचलेला वेळ समोरच्या रुग्णाला मिळतो की बाहेर ताटकळणाऱ्या पुढच्या रुग्णाला, हे प्रत्येकाने आपापल्या ओपीडीकडे पाहून ठरवावे.

आणखी एक अडचण, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वाढीचा तक्ता आईला दाखवणे हा बालरोगाच्या व्यवसायातील सर्वांत प्रभावी संवाद आहे. "वजन कमी आहे" असे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते रेषा कशी खाली उतरत गेली हे बोटाने दाखवले की होते. त्यासाठी पडदा आईकडे वळवता आला पाहिजे. अतिरुंद पडदा एक तर वळत नाही, कारण टेबलावर तेवढी जागा नसते. आणि वळवला तर त्यावर पसरलेले सारेच आईला दिसते. डाव्या बाजूला उघडी असलेली दिवसभराच्या रुग्णांची यादी, कोणाचे नाव, कोणाचा आजार. बडोद्यासारख्या शहरात, विशेषतः आपल्या लहानशा मराठी वस्तीत, दांडिया बाजारातील एका घरची गोष्ट रावपुऱ्यात पोहोचायला किती वेळ लागतो हे मी सांगायला नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची गोष्ट सोडा. रुग्णाचे गुपित राखण्याची आपली जुनी शपथच पुरेशी आहे.

म्हणून तपासणीच्या खोलीसाठी माझी शिफारस साधी आहे. २२ ते २४ इंचांचा एक नेहमीचा पडदा घ्यावा आणि तो स्टँडवर न ठेवता टेबलाच्या कडेला बसवलेल्या हलत्या बाहूवर लावावा. बहुतेक मॉनिटरच्या पाठीवर त्यासाठी ठरावीक अंतरावर चार छिद्रे असतात, ७५ किंवा १०० मि.मी. चौरसात; घेण्यापूर्वी ती आहेत ना एवढे पाहावे, कारण काही स्वस्त मॉनिटरना ती नसतात. पडदा समोर नको, आपल्या एका हाताला असावा, म्हणजे डॉक्टर, आई-मूल आणि पडदा असा त्रिकोण होतो. मान किंचित वळवली की नोंद दिसते आणि तोच पडदा ओढून वळवला की आईला तक्ता दिसतो. उभा फिरणारा पडदा मिळाला तर फारच छान. २४ इंची पडदा उभा केला की ३० सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच होतो, आणि वाढीचा पूर्ण तक्ता मूळ आकारात त्यावर मावतो. वाढ उभीच होते, मग तक्ता आडव्या पडद्यावर कशाला कोंबायचा!

क्ष-किरण पाहणाऱ्या आमच्या रेडिऑलॉजिस्ट मित्रांचा विषय निराळा आहे. त्यांना डायकॉम मानकाप्रमाणे करड्या छटांचे अंशांकन केलेले खास पडदे लागतात, आणि बाजारातला कोणताही रुंद मॉनिटर त्यांची जागा घेऊ शकत नाही. आपण टेबलावर छातीचा फोटो ओझरता पाहतो, तेवढ्यासाठी साधा पडदा चालतो. त्यावरून निदान लिहून देऊ नये.

आता ज्यांना कार्यालयासाठी अतिरुंद पडदा खरोखरच घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. सर्वांत आधी ठिपक्यांची घनता पाहावी, इंच मागाहून. ३४ इंची पडदा दोन प्रकारांत मिळतो: २५६० गुणिले १०८० ठिपक्यांचा आणि ३४४० गुणिले १४४० ठिपक्यांचा. पहिल्यात दर इंचाला सुमारे ८२ ठिपके येतात, दुसऱ्यात सुमारे ११०. इंग्रजी अक्षरे पहिल्यावरही वाचता येतात, पण आपली जोडाक्षरे, रफार, अनुस्वार आणि गुजराती मात्रा लहान आकारात फुटतात. पैसे वाचवण्यासाठी पहिला प्रकार घेऊ नये. त्यापेक्षा साधा २७ इंची चांगला पडदा घ्यावा. वक्रता पाहताना १८००आर, १५००आर असे आकडे दिसतात. त्याचा अर्थ पडदा १८०० किंवा १५०० मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे एवढाच. आकडा लहान, तर वाक अधिक. हिशेबाच्या कोष्टकांच्या सरळ रेषा फार वाकलेल्या पडद्यावर पाहणे काहींना रुचत नाही, म्हणून दुकानात समोर बसून पाहावे. आयपीएस प्रकारचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग बदलत नाहीत, तेव्हा कार्यालयासाठी तो बरा. ओएलईडी पडद्यांचे सध्या कौतुक आहे, परंतु एकच अर्ज आणि एकच पट्टी दिवसभर उघडी ठेवणाऱ्या कार्यालयात त्यावर कायमचे डाग उमटण्याचा धोका असतो. जुन्या संगणकाचे एचडीएमआय १.४ जोडणीचे तोंड एवढ्या ठिपक्यांना पूर्ण वेग देऊ शकत नाही. डिस्प्लेपोर्ट किंवा नवे एचडीएमआय आहे का, हे तंत्रज्ञाला आधी विचारावे. विंडोज ११ मध्ये पडद्याचे तीन भाग करून खिडक्या आपोआप बसवण्याची सोय आहे. ती वापरली नाही तर रुंद पडदा म्हणजे मोठ्या ओट्यावर पसरलेली भांडी. आणि ऑनलाइन व्याख्यानात आपला रुंद पडदा जसाच्या तसा दाखवू नये; पलीकडे मोबाईलवर पाहणाऱ्यांना एक बारीक पट्टी दिसते आणि त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही.

एक पडदा की दोन, हा वाद मी सोडवू शकत नाही. दोन पडद्यांच्या मधली कड डोळ्यांत खुपते, हे खरे. पण दोनातला एक वळवता येतो, एक बिघडला तर दुसरा चालतो. स्वागतकक्षावर बसणाऱ्या मुलीसाठी मी दोन २४ इंचीच सुचवीन. एकावर भेटींची यादी आणि दुसऱ्यावर बिल, आणि बिलाचा पडदा पालकांकडे वळवलेला.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांसाठी डोळ्यांचे दोन शब्द, कारण या स्मरणिकेचे निम्मे वाचक त्या वयाचे असावेत. साठ सेंटिमीटर अंतरावरून ८० सेंटिमीटर रुंद पडदा पाहताना नजरेला सुमारे ६७ अंशांचा पल्ला ओलांडावा लागतो. साध्या २४ इंची पडद्याला ४८ अंश पुरतात. तरुणपणी नुसते डोळे फिरवून हे जमते. आपल्यापैकी अनेकांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, आणि त्याच्या काचेत मधल्या अंतराचा स्पष्ट भाग हा एक अरुंद बोळ असतो. पडद्याची टोके पाहायला त्या बोळातून बाहेर पडून चालत नाही, म्हणून मान फिरवावी लागते. पडदा उंच असेल तर हनुवटीही वर करावी लागते. संध्याकाळी मान धरते ती यामुळे. यावर उपाय दोन. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवावी, आणि संगणकाच्या अंतरासाठी निराळा चष्मा नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावा. पापण्यांचीही आठवण ठेवावी. 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये १९९३ साली आलेल्या एका जपानी निरीक्षणानुसार, निवांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे २२ वेळा पापणी मिटतो आणि पडद्यावर वाचताना सातच वेळा. त्यात डोक्यावर पंखा किंवा समोरून एसीचा झोत असला, की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागते. पडदा खिडकीच्या समोर किंवा पाठीशी न ठेवता काटकोनात ठेवावा.

आणखी एक विसंगती बालरोगतज्ज्ञ म्हणून मला टोचते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल वगळता, पडदा दाखवूच नये. दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाहून अधिक नको. हा सल्ला मी रोज देते. तो देताना माझ्या आणि त्या मुलामध्ये घरच्या टीव्हीएवढा झगमगता पडदा उभा असेल, तर मूल माझे ऐकत नाही, पडद्याच्या बाजूला येऊन डोकावते आणि "कार्टून लाव" म्हणते. आईही हसते. त्यात आईचा काय दोष?

खरेदीपूर्वी एक प्रयोग करावा. त्याला खर्च नाही. औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा ८० सेंटिमीटर लांब आणि ३३ सेंटिमीटर उंच कापावा, टेबलापासून वीतभर नाही तरी चार बोटे वर राहील असा दोन डब्यांना टेकवून आपल्यासमोर उभा करावा, आणि सकाळची एक पूर्ण ओपीडी त्याच्यासह करावी. संगणक सुरू करण्याचीही गरज नाही. दुपारी खोली बंद करताना आपण किती मुलांचे श्वास खुर्चीत बसल्या बसल्या पाहू शकलो, किती वेळा मान लांब करावी लागली आणि कोणत्या मुलाच्या पायात चप्पल होती की बूट एवढे तरी आठवते का, याची कागदावर नोंद करावी. दुसऱ्या दिवशी तोच पुठ्ठा ५३ गुणिले ३० चा करून डाव्या हाताला तिरका ठेवावा आणि पुन्हा नोंद करावी. दोन्ही कागद पुढच्या मासिक सभेला घेऊन आलात, तर मला ते पाहायला आवडतील.